यीस्टच्या पेशीतला खो-खो : पेशीचक्रात जनुके चालू कशी होतात आणि बंद कशी पडतात

कोमट पाण्यात चिमूटभर साखर आणि पावासाठी मिळणारे कोरडे यीस्ट घालून ते तासभर ठेवले आणि त्यातला एक थेंब काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पट मोठा करून पाहिला, तर लंबगोल, किंचित चकाकणाऱ्या पेशींची दाटी दिसते. नीट निरखल्यावर लक्षात येते की सगळ्या पेशी सारख्या नाहीत. काही नुसत्याच गोल आहेत, काहींच्या अंगाला बारीकसा फुगवटा आला आहे, काहींचा फुगवटा मूळ पेशीच्या निम्म्याहून मोठा झाला आहे, तर काही जोड्या विलग होण्याच्या बेतात एकमेकींना चिकटून आहेत. शाळेच्या पुस्तकात ज्याला कलिकायन म्हणतात ते हेच, आणि हा फुगवटा म्हणजे कलिका. कलिका जेवढी मोठी, तेवढी ती पेशी विभाजनाच्या फेऱ्यात पुढे गेलेली असते. कोणताही रंग न घालता, कोणतेही मोजमाप न करता, पेशी कोणत्या टप्प्यावर आहे हे नुसत्या नजरेने ओळखता यावे, एवढी सोय फार थोड्या सजीवांनी अभ्यासकांना दिली आहे.

या यीस्टचे शास्त्रीय नाव सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. पाव फुगवणारे आणि बिअर आंबवणारे यीस्ट हेच. गोव्यातले पोदेर पूर्वी माडाच्या ज्या सुरेने पावाचे पीठ आंबवत, त्या सुरेतही ही जात सापडते. जिवाणूंप्रमाणे यीस्ट एकपेशीय असले तरी त्याच्या पेशीला केंद्रक असते आणि तिचा डीएनए आपल्यासारखाच गुणसूत्रांत बांधलेला असतो, त्यामुळे पेशी म्हणून तिचे नाते जिवाणूंपेक्षा आपल्याशी अधिक जवळचे आहे. केंद्रक असलेल्या सजीवांपैकी सर्वांत आधी ज्याचा संपूर्ण जनुकीय आराखडा वाचून झाला, तो सजीवही हाच. १९९६ साली पूर्ण झालेल्या त्या वाचनातून सोळा गुणसूत्रे, सुमारे १ कोटी २० लाख अक्षरजोड्या आणि साधारण ६ हजार जनुके असा हिशेब मिळाला.

या ६ हजारांपैकी बरीचशी जनुके पेशीला सदासर्वकाळ लागतात. साखरेतून ऊर्जा काढणे, प्रथिने बांधणे, पेशीची दुरुस्ती करणे ही कामे कधी थांबत नाहीत. मात्र काही जनुकांची गरज नेमक्या वेळीच असते. भरपूर पोषक द्रव्ये आणि ३० अंश सेल्सिअस तापमान मिळाले, तर यीस्टच्या विभाजनाचा एक फेरा सुमारे ९० मिनिटांत पूर्ण होतो. त्यात आधी वाढ होते, मग डीएनएची नक्कल होते, मग तयारीचा एक काळ जातो आणि शेवटी नक्कल झालेली गुणसूत्रे दोन वाट्यांत विभागली जाऊन कन्यापेशी वेगळी होते. अभ्यासक या चार टप्प्यांना अनुक्रमे जी-१, एस, जी-२ आणि एम म्हणतात. नक्कल करणारी यंत्रणा एस टप्प्याच्या तोंडावर हवी, गुणसूत्रे विभागण्यासाठी लागणारी प्रथिने एम टप्प्यापूर्वी हवीत, आणि माता व कन्या यांच्यामधली भिंत विरघळवणारे विकर अगदी शेवटी हवे. ते विकर आधीच तयार झाले तर उपयोग नाही, आणि उशिरा आले तर दोन्ही पेशी एकमेकींना चिकटूनच राहतील. ९० मिनिटांच्या या वेळापत्रकाकडे लक्ष ठेवणारा कोणी मुकादम पेशीत नसतो. मग योग्य जनुक योग्य वेळी चालू कसे होते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे, काम झाल्यावर ते बंद कसे पडते?

जनुक चालू होते म्हणजे काय, हे आधी स्पष्ट करायला हवे. जनुक ही डीएनएवर लिहिलेली कृती आहे. ती वाचून तिची आरएनएच्या रूपात प्रत काढली जाते, या क्रियेला प्रतिलेखन म्हणतात. ती संदेशप्रत केंद्रकाबाहेर जाते आणि तिच्यावरून प्रथिन तयार होते. प्रत काढायची की नाही, हे जनुकाच्या अलीकडे असलेल्या डीएनएच्या एका छोट्या पट्ट्यावर ठरते. या पट्ट्यात काही ठरावीक अक्षरक्रम असतात आणि ते ओळखून तेथे बसणारी खास प्रथिने असतात, ज्यांना आपण या लेखापुरते नियंत्रक म्हणू. नियंत्रक जागेवर बसून प्रत काढणाऱ्या यंत्रणेला बोलावतो किंवा अडवतो. एक गोष्ट सहसा सांगायची राहून जाते, ती अशी की यीस्टमध्ये या संदेशप्रती फार काळ टिकत नाहीत. अनेक प्रती काही मिनिटांतच मोडून टाकल्या जातात. प्रती दीर्घायुषी असत्या, तर जनुक बंद केल्यानंतरही त्यांच्यावरून प्रथिने निघतच राहिली असती आणि वेळापत्रकाला अर्थ उरला नसता. पेशी सतत प्रती काढते आणि सतत मोडते, म्हणूनच तिला दहा-पंधरा मिनिटांच्या अचूकतेने एखादे जनुक हाताळता येते.

या सगळ्याचा धागा प्रथम हाती आला तो अमेरिकेतील सिॲटल येथे, वॉशिंग्टन विद्यापीठात. लेलंड हार्टवेल यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीस यीस्टचे असे उत्परिवर्ती प्रकार जमवायला सुरुवात केली, जे सुमारे २३ अंशांना सुखाने वाढत, पण तापमान ३६ अंशांवर नेले की अडकून पडत. अशा प्रकारांत एखादे प्रथिन उष्णतेने निकामी होते, आणि ते प्रथिन ज्या कामासाठी लागते त्या कामापाशी फेरा थांबतो. हार्टवेल यांची खरी चतुराई पुढच्या पायरीत होती. अडकलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर काही प्रकारांत सर्वच्या सर्व पेशी एकाच आकाराच्या कलिकेवर थबकलेल्या दिसत. म्हणजे बिघाड सामान्य अशक्ततेचा नसून फेऱ्यातल्या एका विशिष्ट पायरीचा होता, आणि कलिकेचा आकार ती पायरी दाखवून देत होता. या जनुकांना सीडीसी असे नाव आणि एकेक क्रमांक मिळाला. त्यांतले सीडीसी-२८ हे जनुक बिघडले की पेशी कलिका फुटण्याआधीच थांबे. या ठिकाणाला हार्टवेल यांनी 'स्टार्ट' म्हटले. स्टार्टपूर्वी पेशी अन्न पुरेसे आहे का, जोडीदार जवळ आहे का, याचा अंदाज घेते. एकदा स्टार्ट ओलांडला की मात्र परिस्थिती बदलली तरी ती फेरा पूर्ण करते.

सीडीसी-२८ हे जनुक एका विकराची कृती आहे. हे विकर इतर प्रथिनांवर फॉस्फेटचा लहानसा गट चिकटवते आणि तेवढ्याने त्या प्रथिनांचे वागणे बदलते. पण एकट्याने त्याला काही करता येत नाही. त्याला सायक्लिन नावाच्या प्रथिनाची जोड लागते, आणि कोणते सायक्लिन जोडीला आहे त्यावर ते काय काम करणार हे ठरते. इंग्लंडमधील टिम हंट यांना १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला समुद्री अर्चिनच्या अंड्यांत सायक्लिन सापडले. प्रत्येक विभाजनाच्या वेळी अचानक नाहीसे होणारे प्रथिन म्हणून ते त्यांच्या नजरेत भरले. पॉल नर्स यांनी दुसऱ्या एका जातीच्या यीस्टमध्ये सीडीसी-२८ चा जोडबंधू शोधला होता. हार्टवेल, हंट आणि नर्स यांना २००१ चे नोबेल पारितोषिक एकत्र मिळाले.

आता स्टार्टपाशी जनुकांचे काय होते, ते जवळून पाहू, कारण या विषयातले सर्वांत सुंदर काम तेथे झाले आहे. नुकतीच वेगळी झालेली कन्यापेशी आकाराने लहान असते. तिच्या केंद्रकात एसबीएफ नावाचा नियंत्रक डीएनएवरच्या आपल्या जागेवर आधीच बसलेला असतो. त्याचा जुळा भाऊ म्हणता येईल असा एमबीएफ हा दुसरा नियंत्रक आहे. दोघेही दोन-दोन प्रथिनांचे बनलेले असून त्यांतले एक प्रथिन दोघांत सामाईक आहे. एमबीएफ ज्या सहा अक्षरांना ओळखतो ती ए-सी-जी-सी-जी-टी अशी आहेत, आणि डीएनएच्या समोरच्या धाग्यावर उलट दिशेने वाचली तरी ती तशीच येतात. या दोन नियंत्रकांच्या हाताखाली दोनशेच्या आसपास जनुके आहेत. ढोबळमानाने कलिका आणि पेशीभित्तिका यांची सामग्री एसबीएफकडे आणि डीएनएच्या नकलेची सामग्री एमबीएफकडे, अशी वाटणी आहे.

नियंत्रक जागेवर असूनही जनुके मूक असतात, याचे कारण व्हाय-५ नावाचे प्रथिन. ते एसबीएफला बिलगून त्याला दाबून ठेवते. २००४ साली दोन गटांनी स्वतंत्रपणे ही गोष्ट दाखवली. या दाबातून सुटका करणारी पहिली हालचाल सीएलएन-३ या सायक्लिनकडून होते, असे तेव्हापासून मानले जाते: ते सीडीसी-२८ ला घेऊन व्हाय-५ वर फॉस्फेट चढवू लागते, आणि फॉस्फेट चढलेले व्हाय-५ केंद्रकातून बाहेर पडते. काही एसबीएफ मोकळे होतात, आणि त्यांनी चालू केलेल्या जनुकांमध्ये सीएलएन-१ आणि सीएलएन-२ ही आणखी दोन सायक्लिने असतात. ती तयार झाली की तीही व्हाय-५ वर फॉस्फेट चढवतात, त्यामुळे आणखी व्हाय-५ बाहेर जाते, आणखी एसबीएफ मोकळे होतात, आणखी सायक्लिने तयार होतात. उतारावर गडगडणाऱ्या दगडासारखी ही गती आपली आपणच वाढत जाते. व्हाय-५ ला चकाकणारे प्रथिन जोडून ही घटना जिवंत पेशीत पाहता येते. आधी केंद्रकाच्या जागी एक स्पष्ट तेजस्वी ठिपका असतो, मग तो फिकट होऊ लागतो, आणि थोड्याच मिनिटांत तो प्रकाश पेशीभर विरून जातो. अशाच निरीक्षणांतून दिसले आहे की साधारण निम्मे व्हाय-५ केंद्रकाबाहेर गेले की पेशी मागे फिरत नाही. त्यानंतर जोडीदाराचा रासायनिक संकेत दिला तरी ती चालू फेरा पूर्ण करूनच थांबते. हार्टवेल यांनी ज्या क्षणाला नाव दिले होते, तो क्षण तीन-चार दशकांनंतर असा एका ठिपक्याच्या फिकटण्यात पाहता आला.

पण मुळात पहिला दगड केव्हा सुटतो? पेशी पुरेशी मोठी झाल्यावर, हे उत्तर जुने आहे. पेशीला स्वतःचा आकार कळतो कसा, हा खरा प्रश्न आहे. २०१५ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका गटाने एक साधे आणि देखणे उत्तर मांडले. व्हाय-५ मुख्यतः फेऱ्याच्या नंतरच्या भागात तयार होते, जी-१ मध्ये जवळजवळ होत नाही. म्हणून कन्यापेशी वाढत असताना तिच्यातले व्हाय-५ तेवढेच राहते आणि पेशीचे आकारमान मात्र वाढते, म्हणजे सरबतात पाणी घालत राहावे तसे ते पातळ होत जाते. सीएलएन-३ ची तीव्रता साधारण स्थिर असल्याने एका मर्यादेनंतर त्याचे पारडे जड होते. लहान जन्मलेल्या कन्यापेशीत व्हाय-५ अधिक दाट असते, म्हणून तिला अधिक वेळ वाढावे लागते, हेही यातून आपोआप उलगडते. मला ही कल्पना मनापासून आवडते, पण आवडणे हा पुरावा नव्हे. इतर काही प्रयोगशाळांनी वेगळ्या पद्धतीने मोजले तेव्हा त्यांना व्हाय-५ असे पातळ होताना आढळले नाही, आणि सीएलएन-३ चे प्रमाण वाढणे हेच निर्णायक असावे असे त्यांचे मत आहे. सीएलएन-३ प्रत्यक्षात कोठे घाव घालते यावरही मतभेद आहेत. व्हाय-५ ऐवजी ते प्रत काढणाऱ्या यंत्रावरच, म्हणजे आरएनए पॉलिमरेजवर, फॉस्फेट चढवते असे दाखवणारे काम २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. एवढ्या अभ्यासलेल्या पेशीच्या एवढ्या मूलभूत प्रश्नावर अजून एकमत नाही, हे वाचकाने ध्यानात ठेवावे.

चालू करण्याची ही कहाणी इतकी आकर्षक आहे की बंद करण्याकडे दुर्लक्ष होते. माझ्या मते या विषयाचा गाभा तेथेच आहे. तो समजण्यासाठी आपला खो-खो आठवावा. पाठलाग करणारा गडी बसलेल्या गड्याला खो देतो, आणि खो देताक्षणी बसलेला उठून धावतो आणि खो देणारा त्याच्या जागी बसतो. पुढच्याला उठवणे आणि स्वतः बसणे ही एकच कृती आहे. यीस्टच्या पेशीतले नियंत्रक असेच वागतात. एमबीएफने चालू केलेल्या जनुकांत एनआरएम-१ नावाचे एक जनुक असते, आणि त्याचे प्रथिन तयार झाले की ते परत येऊन एमबीएफलाच बिलगते व त्याचे काम थांबवते. आपल्याला बसवणारा गडी एमबीएफ स्वतःच उठवतो. एसबीएफची व्यवस्था निराळी आहे. पुढच्या टप्प्यातले सीएलबी-२ हे सायक्लिन वाढले की ते एसबीएफला डीएनएवरून दूर करते. या दोन भावांतला फरक त्यांना काढून टाकल्यावर अधिक स्पष्ट होतो. एसबीएफचा डीएनए ओळखणारा भाग नसलेल्या पेशीत त्याची जनुके मंदावतात, पण एमबीएफचा तसा भाग नसलेल्या पेशीत त्याची जनुके फेराभर चालूच राहतात. म्हणजे एमबीएफचे मुख्य काम नको त्या वेळी जनुके गप्प ठेवणे हे आहे.

बंद करण्याला इतके महत्त्व का, हे हिस्टोन प्रथिनांवरून चांगले कळते. डीएनए ज्यांच्याभोवती गुंडाळला जातो ती ही प्रथिने. यीस्टच्या संपूर्ण डीएनएला अशा साठ-सत्तर हजार रिळांची गरज असते, आणि डीएनएची नक्कल झाली की तेवढीच नवी रिळे लगोलग हवी असतात. म्हणून हिस्टोनांची जनुके एस टप्प्यात एकदम जोरात चालू होतात आणि नक्कल संपताच बंद होतात. ती कमी पडली तर नवा डीएनए मोकळा पडेल हे उघड आहे, पण जास्त झाली तरी बिघडते. हिस्टोनांच्या दोन प्रकारच्या जोड्यांचे आपसातले प्रमाण ढळले, तर विभाजनाच्या वेळी गुणसूत्रे हरवू लागतात, असे हार्टवेल यांच्याच प्रयोगशाळेने १९८० च्या दशकात दाखवले.

एस टप्प्याच्या उत्तरार्धात एचसीएम-१ नावाचा नियंत्रक पुढे येतो. तो ज्या जनुकांना चालू करतो त्यांत पुढच्या टप्प्याच्या नियंत्रकाचे घटक असतात, आणि व्हाय-५ ही असते. पुढच्या फेऱ्याच्या दाराला लागणारे कुलूप या फेऱ्याच्या मध्यावरच घडवले जाते, ते असे. त्यानंतर तीन प्रथिनांचा एक संच जी-२ आणि एम यांच्या सीमेवरची सुमारे तीन डझन जनुके हाती घेतो. त्यांपैकी दोन प्रथिने डीएनएवर बसून असतात आणि तिसरे, एनडीडी-१, येऊन त्यांना जागे करते. या जनुकांत सीएलबी-२ असते, आणि सीएलबी-२ याच संचावर फॉस्फेट चढवून त्याला आणखी जोर देते, म्हणजे गडगडणाऱ्या दगडाची युक्ती येथे पुन्हा येते. याच जनुकांत सीडीसी-२० हेही असते, आणि ते विभाजनाच्या ऐन वेळी सीएलबी-२ च्या विनाशाला सुरुवात करून देते. वर चढवणारा आणि खाली पाडणारा एकाच हुकमाने तयार होतात. फक्त दुसऱ्याचे काम थोड्या उशिराने सुरू होते.

फेऱ्याच्या शेवटच्या नियंत्रकाचे नाव स्विफाइव्ह असे उच्चारता येईल. आपण त्याला स्वि-५ म्हणू. त्याचे प्रथिन एम टप्प्याच्या आधीच तयार होते, पण ते केंद्रकात शिरू शकत नाही, कारण केंद्रकात जाण्याचा परवाना म्हणता येईल असा त्याचा जो भाग आहे, त्याच्या आसपास सीडीसी-२८ ने फॉस्फेट चढवून तो झाकलेला असतो. जनुकांना चालू करणारा दारापाशी तयार उभा आहे आणि दार बंद आहे, अशी ही स्थिती असते. गुणसूत्रे दोन बाजूंना ओढली गेल्यावर सीडीसी-१४ नावाचे विकर मोकळे होते आणि फॉस्फेट उतरवते, स्वि-५ आत जातो आणि एसआयसी-१ हे जनुक चालू करतो. एसआयसी-१ चे प्रथिन उरल्यासुरल्या सायक्लिनांना निष्प्रभ करते, फेरा संपतो, आणि पेशी पुन्हा जी-१ मध्ये येते.

याच वेळी माता आणि कन्या यांच्यात एक फरक पडतो, आणि तो कसा पडतो हे मला या सर्व कथेत सर्वांत विलक्षण वाटते. यीस्टला दोन लिंगप्रकार असतात, आणि निसर्गातले यीस्ट आपला प्रकार बदलू शकते. बदल घडवणाऱ्या जनुकाचे नाव एचओ. पण ते फक्त एकदा तरी प्रसवलेल्या मातेत चालू होते, नवजात कन्येत होत नाही. दोघींचा डीएनए अक्षर न अक्षर तोच, स्वि-५ दोघींच्या केंद्रकात शिरतो, मग कन्येत एचओ गप्प का? विभाजन चालू असताना एएसएच-१ या जनुकाच्या संदेशप्रती केंद्रकातून बाहेर पडतात तेव्हा काही प्रथिने त्यांना पकडतात आणि एका चालत्या प्रथिनावर लादतात. मातेपासून कलिकेपर्यंत ॲक्टिन तंतूंच्या वाटा टाकलेल्या असतात. त्या वाटांवरून पाऊल टाकत हे वाहक प्रथिन आपला बोजा मातेच्या पोटातून अरुंद मानेतून कलिकेत आणि तेथून तिच्या पार टोकाला नेऊन ठेवते. प्रथिन तेथे तयार होते आणि जवळच्या, म्हणजे कन्येच्या, केंद्रकात शिरून एचओ जनुक बंद करते. १९९० च्या दशकात किम नास्मिथ यांच्यासह अनेकांनी हे तपशील उलगडले. माता आणि कन्या यांच्यामधली भिंत विरघळवणाऱ्या विकराचे जनुक मात्र कन्येतच चालू होते, कारण त्याचा नियंत्रक कन्येच्या केंद्रकात साठतो. नाळ कापण्याचे काम येथे नवजाताकडे असते.

हे सारे एकेका जनुकाच्या पाठीमागे लागून कळत गेले. संपूर्ण पट एकदम दिसला तो १९९८ मध्ये, काचेच्या लहानशा पट्टीवर सगळ्या जनुकांचे तुकडे ठिपक्यांसारखे मांडून कोणत्या जनुकाच्या किती संदेशप्रती आहेत हे एका वेळी मोजण्याचे तंत्र हाती आल्यावर. अडचण अशी होती की सामान्य द्रावणात प्रत्येक पेशी वेगळ्या टप्प्यावर असते, आणि सरासरी काढली की सगळे चढउतार पुसले जातात. म्हणून पेशींना आधी एका रेषेत आणावे लागते. एक उपाय म्हणजे जोडीदाराचा रासायनिक संकेत, अल्फा फॅक्टर, देऊन सर्वांना स्टार्टच्या अलीकडे थांबवणे, मग तो धुऊन काढणे आणि सगळ्या एकदम निघाल्या की दर सात मिनिटांनी नमुना घेणे. दुसरा उपाय हार्टवेल यांच्या उष्णतेने थांबणाऱ्या प्रकारांचा, आणि तिसरा केवळ लहान पेशी वेगळ्या काढण्याचा. स्टॅनफर्डच्या गटाने तिन्ही वापरून सुमारे ८०० जनुके फेऱ्याबरोबर चढउतार करतात असे सांगितले. त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाची यादी ४१६ जनुकांची होती. यादी कोठे तोडायची याची रेघ माणूस आखतो, म्हणून असे आकडे वेगवेगळे येतात. यादीच्या माथ्यावरच्या जनुकांबद्दल मात्र वाद नाही. २००१ मध्ये नऊ नियंत्रक डीएनएवर कोठे कोठे बसतात हे संपूर्ण जनुकसंचात तपासले गेले, तेव्हा दिसले की एका टप्प्याचे नियंत्रक पुढच्या टप्प्याच्या नियंत्रकांची जनुके हाताळतात आणि ही साखळी फिरून स्वतःपाशी येऊन मिळते.

साखळी अशी बंद वर्तुळाची असेल, तर सायक्लिनांशिवाय ती नुसत्या नियंत्रकांच्या जोरावर फिरेल का? अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या गटाने एस आणि एम टप्प्यांची सायक्लिने नसलेल्या पेशी घेतल्या. या पेशी डीएनएची नक्कल करत नाहीत की विभागत नाहीत, पण २००८ च्या त्यांच्या निष्कर्षानुसार आवर्ती जनुकांपैकी सुमारे ७० टक्के तरीही चढउतार करत राहिली. त्यावरून जनुकांचे जाळे स्वतःच एक घड्याळ आहे असे मांडले गेले. २०१६ मध्ये न्यूयॉर्कमधील संशोधकांनी याला हरकत घेतली; त्यांच्या प्रयोगांत सीडीसी-२८ आणि सायक्लिने मोडणारी यंत्रणा यांचा झोका थांबवल्यावर बहुतेक जनुकांची आवर्तने टिकली नाहीत. मला दुसऱ्या बाजूचा पुरावा अधिक वजनदार वाटतो, कारण एसबीएफ असो की स्वि-५, वर पाहिलेल्या प्रत्येक वळणावर फॉस्फेट चढवणे किंवा उतरवणे हीच निर्णायक घटना आहे. जनुकांचे जाळे या झोक्याला आकार देते आणि त्याचा जोर वाढवते.

माणसाच्या पेशीत हीच रचना वेगळ्या नावांनी भेटते. १९८७ मध्ये मेलनी ली आणि पॉल नर्स यांनी सीडीसी-२८ च्या जोडबंधूवाचून अडलेल्या यीस्टमध्ये माणसाचे जनुक घातले आणि ते यीस्ट विभागू लागले. स्टार्टच्या जागी आपल्याकडे आरबी नावाचे प्रथिन ई२एफ या नियंत्रकाला दाबून ठेवते, सायक्लिन-डी आणि त्याच्या जोडीची सीडीके-४ व सीडीके-६ ही विकरे आरबीवर फॉस्फेट चढवतात, आणि दाब सुटून डीएनएच्या नकलेची जनुके चालू होतात. आरबीचे नाव लहान मुलांच्या डोळ्यांतील रेटिनोब्लास्टोमा या कर्करोगावरून पडले, कारण त्या रोगात हे कुलूपच तुटलेले असते. कुलूप शाबूत आहे पण ते उघडणारी विकरे बेफाम झाली आहेत, अशा काही स्तन-कर्करोगांत त्या विकरांना रोखणारी औषधे दिली जातात. त्यांतल्या पालबोसिक्लिबला अमेरिकेत २०१५ साली मान्यता मिळाली.

गंमत अशी की व्हाय-५ आणि आरबी यांच्या अमिनो आम्लांच्या क्रमात ओळखता येईल असे साम्य नाही, आणि एसबीएफ व ई२एफ यांच्यातही नाही. मांडणी तीच आणि सुटे भाग निराळे. एसबीएफचा डीएनए ओळखणारा भाग विषाणूंमध्ये आढळणाऱ्या एका प्रथिनासारखा आहे, आणि २०१६ मध्ये मांडलेल्या एका अभ्यासानुसार बुरशीवर्गाच्या एका प्राचीन पूर्वजाला तो विषाणूकडूनच मिळाला असावा. पूर्वजाच्या पेशीत काही काळ ई२एफ आणि हा उपरा नियंत्रक शेजारी शेजारी काम करत असावेत, आणि पुढे यीस्टच्या शाखेत ई२एफ गळून गेला. ही दोन्ही यंत्रणा एकत्र सांभाळणाऱ्या बुरशी आजही आहेत. पाण्यात आणि ओल्या मातीत राहणाऱ्या, शेपटीसारख्या कशाभिकेने पोहणारे बीजाणू सोडणाऱ्या कायट्रिड नावाच्या त्या बुरशी, आणि त्यांच्या केंद्रकात ई२एफ आणि एसबीएफच्या कुळातला नियंत्रक हे दोघेही अजून नांदतात.